घोटभर पाणी

येलेना हर्वानोवा ही स्लोव्हाक बाई एक्क्याऐंशी वर्षांची. डोंगराखालच्या गावात शाळा शिकवता शिकवता तिनं बर्फातल्या खेड्यांवर सहा पुस्तकं लिहिली, आणि ती इंग्रजीवरून मराठीत आणणारा मी अमरावतीचा रिटायर मास्तर, गोवर्धन. सातव्या पुस्तकाच्या कथा लिहून होतील तशा ती मला मेलनं धाडते. बाईनं भारत कधी पाहिलेला नाही. म्हणूनच पहिल्या कथेत मी अडलो. एक म्हातारी घरातून निघते, विसरलेला चष्मा घ्यायला परत येते, आणि नवरा तिला क्षणभर बसूही न देता ओढत नेतो.

आमच्याकडे मागं फिरलेल्या माणसानं बसून घोटभर पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. तीन वर्षांपूर्वी अकोल्याला ऑपरेशनसाठी निघताना माझी बायको बेबी अशीच चष्म्यासाठी परत आली होती. "घोटभर पानी तं पिऊ द्या," म्हणाली, आणि मी खेकसलो, "गाडी सुटून राहिली, चाल!" अकोल्याहून ती आलीच नाही. हे मी कुणालाच, पोटच्या पोरीलाही, सांगितलेलं नाही.

पुढच्या कथेत तीच म्हातारी. त्यापुढच्याही. लग्नघर असो की मयत, ती दारात उभी राहते, जरा बसू द्या, पाणी द्या म्हणते, आणि कुणी देत नाही. हे काय लफडं आहे बुवा! शेवटी बाईला विचारलं. उत्तर आलं, "आमच्यात असा रिवाज नाही. ती कोण, मलाही ठाऊक नाही. मी दुसऱ्यांच्या गोष्टी लिहिते, ती मध्येच येते."

भीडभाड सोडून मी लिहिलं, "बाई, तुमच्या पाया पडतो, तिला एकदा बसवा."

आठ दिवसांनी कथा आली. म्हातारी खुर्चीवर बसली, ग्लासभर पाणी प्यायली. मी ढसाढसा रडलो. जिवावरचं ओझं उतरलं होतं. खाली बाईनं रोमन लिपीत एक ओळ टाकली होती, आणि तिच्याआधी खुलासा : उठताना ती असं काहीसं म्हणाली, ऐकलं तसं लिहिलंय, अर्थ मला कळला नाही.

"पेली मी पानी. निघू का मंग आता?"

पाणी प्यायलं की निघायचं असतं, हे मला का कळत नाही? पण हो म्हटलं, तर मग ती कुठल्या कथेत भेटणार? आज पंधरावा दिवस. तिकडून रोज एका ओळीचा मेल येतो : ती अजून उभीच आहे, काय सांगू?