वाटेवरचा पाठमोरा

"पाळण्यासमोर नको लावूस हे चित्र. दिवसभर बघत बसशील आणि नको ते अर्थ काढशील," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"आई, चित्र आहे, डॉक्टरचा रिपोर्ट नाही!" मी हसले आणि खिळा तिथेच ठोकला.

नातीसाठी माझ्या बाबांनी काढून पाठवलेलं चित्र. पिवळट आभाळ, उतारावर पानं झडलेलं झाड, पायवाट आणि वाटेवर एकटाच एक माणूस. पाठमोरा.

लेकीला पाजताना डोळ्यांसमोर तेच. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात. फोनवर ठरलेलं उत्तर, "मी मजेत." पण इथे दिवस मावळत होता, झाड ओकंबोकं होतं आणि तो माणूस सगळ्यांकडे पाठ फिरवून निघाला होता. मजेतला माणूस असं काढतो?

"बाबांना इकडेच घेऊन येऊ या," मी नवऱ्याला म्हटलं.

"त्यांना विचारलंस?"

"ते काय खरं सांगणारेत!"

त्यांचे कपडे भरायला मोठी बॅग घेतली आणि न कळवता आम्ही तिघं थडकलो. दार उघडंच. बाबा आणि शेजारचे शिंपीकाका कॅरममध्ये गढलेले.

"रिकामी बॅग कशाला गं?" बाबांनी विचारलं.

मी एका दमात सगळं ओकले. बाबा इतके हसले की सोंगट्या विस्कटल्या.

"अगं वेडाबाई, सकाळ आहे ती! आणि पाठमोरा कुठला? हा शिंपी येतोय, मला फिरायला न्यायला. रोज येतो, नको म्हटलं तरी."

"मग त्याला तोंड कुठंय?"

"तोंडं मला जमत नाहीत. लहानपणी तुझं काढलं होतं, बघून रडलीस."

"बरंच झालं," शिंपीकाका म्हणाले. "माझं तोंड पाळण्यासमोर लावलं असतं तर पोरगी झोपली असती का?"

"आणि झाडाची पानं?"

"कंटाळा आला," बाबा म्हणाले. "तू हवं तर चार दिवस राहा. मी काही इथून हलत नाही, डाव अर्धा आहे."

शिंपीकाकांनी तेवढ्यात लेकीच्या झबल्याचं माप घेतलंसुद्धा.

चित्र अजून तिथेच आहे. आता काका येताना दिसतात. सासूबाई माझ्याकडे नुसत्या बघतात.

तुमचंही कुणी फोनवर "मी मजेत" म्हणत असेल. बहुतेक खरंच असेल. तरी एकदा जाऊन बघून या ना. बॅग मात्र नेऊ नका.