जोडीचे गाऱ्हाणे

आमच्या मंडळात पदाधिकारी जोडीने असत. दोन अध्यक्ष, दोन खजिनदार. सिनेमातल्या हसवणाऱ्या जोड्यांवर जीव टाकणारे मंडळ, तिथे एकट्या माणसाच्या हाती कारभार देणे म्हणजे तत्त्वालाच सुरुंग. मला जोडी मिळाली नाही, म्हणून मी चिटणीस. मंडळाची बातमी सांगायची ती मीच. एकोणसाठ सालची ही बातमी मात्र सांगावीशी वाटत नाही.

मंडळाची खरी इस्टेट म्हणजे लवू आणि बाबली. लवू जत्रेत खाजे विकायचा आणि विकण्याआधी प्रत्येक घाण्याची चव बघायचा. त्यामुळे दारातून आधी त्याचे पोट आत येई, मग लवू. बाबली माडावर चढून नारळ पाडायचा. तो माडाआड उभा राहिला तर दिसत नसे. कुडाळच्या बाजाराला तंबूतला सिनेमा आला की आम्ही सगळे जायचो, आणि त्या दोघा परदेशी इसमांचा खेळ असला तर दोनदा. एक जाडा, एक काटकुळा. जाडा काटकुळ्याला शहाणपण शिकवतो आणि मग दोघे मिळून चिखलात पडतात. ते काय बोलतात ते आमच्यात कोणाला कळत नसे. पडणे कळे. गावी परतले की लवू आणि बाबली तोच खेळ खळ्यात करून दाखवीत.

आमच्याकडे गाऱ्हाणे घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. होडी पाण्यात लोटायची असो की घराचा पाया खणायचा असो, देवळासमोर उभे राहायचे. गावचा मानकरी गावकर देवाला सगळे समजावून सांगून मागणे मागतो आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. मंडळ निघाले तेव्हा धोंडूकाका गावकरांनी आधी चौकशी केली.

“ही सिनेमातली माणसां जिती आसत?”

“आसत.”

“खाऊन-पिऊन सुखी?”

“बंगले आसत म्हणतत. मोटारी आसत.”

“मगे ठीक,” म्हणून त्यांनी डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, एक जोडी थंय सायबाच्या मुलखात आसा, एक जोडी हंय तुझ्या पायांकडे उभी आसा. त्या जोडयेचा जा जा होयत, तां तां ह्या जोडयेचा होवंदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो. सगळ्यांत मोठ्याने मी. माझे लक्ष गूळ-खोबऱ्याच्या ताटाकडे होते.

पुढे काही वर्षे बरी गेली. मग एका बाजाराला तंबूतले मशीन चालवणारा भाई भेटला. आमच्या जोडीचा नवा खेळ कधी आणतोस, असे विचारले, तर तो विडी पेटवत म्हणाला, “जोडी खंय ऱ्हवली आता? जाडो गेलो मरे.”

“खंय गेलो?” बाबलीने विचारले.

“खंय जातलो? मेलो. आधी आंगान सुकलो. असो बारीक झालो की ओळखूचो नाय. मगे गेलो.”

चिटणीस या नात्याने मी टोपी काढली. सगळ्यांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे असे मी सुचवणार होतो, पण लवू आधीच स्तब्ध उभा होता.

“सत्यवाना,” तो मला म्हणाला, “धोंडूकाकान गाऱ्हाण्यात काय म्हटलेला रे?”

मला शब्दन् शब्द आठवत होता. “नीट आठवत नाय,” मी म्हणालो.

“माका आठवता.”

भर उन्हात त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी हात लावून बघितला. थंड होता.

लवूचे जेवण सुटले. भीतीने घास उतरेना, घास उतरेना म्हणून तो सुकू लागला, आणि सुकू लागला म्हणून भीती वाढली. भाईने सांगितलेला आजार तो स्वतःच्या हाताने, पायरी पायरीने, करत होता. बाबली रोज त्याच्यासमोर बसून खाजे खाऊन दाखवी. “बघ, असां खावचा. कठीण नाय.” लवू बघत राही. त्याची बायको शेवंती मला विहिरीवर भेटली.

“भावोजी, तेंचो सदरो दोनदा उसवन बारीक केलंय. आता करूचंय नाय. माका सुई हातात धरूक भय वाटता.”

कापडाचा खर्च वाचला, असे काहीतरी माझ्या तोंडात आले होते. ते गिळून मी तिची घागर उचलून दिली.

शेवटी आम्ही धोंडूकाकांना गाठले. दिलेले गाऱ्हाणे परत घेता येते का?

“देवाक सांगितलेला माघारी घेवक तो काय वाणी आसा?” ते म्हणाले. “कौल लावया.”

सकाळी देवळात त्यांनी पाषाणाला पाणी लावून दोन्ही अंगांना कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर लवू सुटला. डावी पडली तर काय, ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. लवूने बाबलीचे मनगट धरले होते. एक माशी उजव्या कळीवर बसली. ती ढकलेल तर बरे, असे मी एका माशीला मनातल्या मनात विनवत होतो. माशी उडाली. डावी कळी पडली.

लवू खाली बसला. सिनेमात बसतात तसा, पाय पुढे पसरून, धप्पकन. कोणी हसले नाही.

धोंडूकाकांनी पडलेली कळी उचलली. मग म्हणाले, “एक गजाल आसा. मियां देवाक जोडी म्हटलंय. तेतूरलो जाडो कोण नि बारीक कोण, तां सांगूक नाय.”

“म्हणजे?” मी विचारले.

“म्हणजे दोघांतलो एक जातलो. खयचो, तां देवाकय ठावक नाय.”

बाबलीने आपले मनगट हळूच सोडवून घेतले.

त्या संध्याकाळी लवू वाटीभर पेज प्यायला. शेवंती आनंदाने सांगायला आली, आणि सांगता सांगता आम्हा दोघांचीही नजर बाबलीच्या घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाबली अर्ध्या माडावर थांबला. वर जाईना, खाली येईना.

“काय झाला रे?” मी खालून विचारले.

“काय नाय. वारो खातंय.”

वारा नव्हता. बाजूच्या माडांची एकही झावळ हलत नव्हती. फक्त त्याचाच माड थरथरत होता. मी बुंध्याला हात लावला आणि ती थरथर माझ्या कोपरापर्यंत आली. बाबली घसरत खाली आला तेव्हा त्याची छाती सोलवटली होती.

“लवूक भूक लागली म्हणतत,” तो म्हणाला. “बरां झाला.” आणि कोयता मला देऊन घरी गेला. माडावर चढणे त्याने बंद केले.

हे मी लवूला सांगितले. त्याने समोरची वाटी बाजूला सारली. सकाळी तो एक नारळ घेऊन देवळात आला, त्याने सगळ्या मंडळाला बोलावले आणि म्हणाला, “आज गाऱ्हाणा मी घालतलंय.”

गावकराशिवाय कोणी गाऱ्हाणे घालत नाही. पण धोंडूकाकांनी अडवले नाही. त्यांना आपल्याच तोंडाची धास्ती बसली होती.

“बा देवा म्हाराजा,” लवूचा आवाज फाटत होता, “जोडयेतलो जाडो तो मी. बाबली न्हय. आता मी जाडो दिसनंय नाय, पण तो मीच. तुझी चूक होव नये म्हणान सांगतंय.”

आता आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. त्याशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही. तोंडे उघडली, आवाज निघेना. लवूने मागे वळून बघितले.

“म्हणा मरे. सत्यवाना, तू तरी म्हण. तुझो आवाज मोठो आसा.”

मी खाली बघितले. धोतराचा सोगा नीटच होता, तो मी पुन्हा नीट केला.

तेवढ्यात मागून बाबली म्हणाला, “नाय म्हाराजा.”

त्या देवळात हे कोणी कधी म्हटले नव्हते. धोंडूकाकांनी खांब धरला. कौलांवरून खार पळाली आणि आम्ही सगळे एकमेकांना बिलगलो.

“आता काय होतला?” मी त्यांना विचारले.

“ठावक नाय,” ते म्हणाले. “माझ्या बापाशीनय ह्यां कधी सांगूक नाय.”

बाबलीने लवूच्या हातातला नारळ काढून घेतला, त्याला दंडाला धरले आणि घरी नेले. शेवंतीने दोघांनाही एकाच ताटात वाढले. दोघे जेवले, पण दोघेही दाराकडे बघत जेवले.

बाबली आता पुन्हा माडावर चढतो. लवू खाली हात पसरून उभा असतो, तो पडला तर झेलायला. नारळ त्याच्या कानाजवळून जातात. मी रोज सकाळी जाऊन दोघे आहेत ना, ते बघून येतो.

“बाजूक हो रे,” आजही बाबली वरून ओरडत होता. “नारळ डोक्यार पडात.”

“आणि तू पडलंस तर?”

“मी पडलंय तर तू चेपतलंस. मगे दोघव जातलंव.”

लवू हलला नाही. “मगे हळू चढ,” तो म्हणाला.