गोल इस्त्री

रफूगारकाकांच्या धंद्याची अडचण अशी होती, की काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नसे. सुताराला टेबल दाखवता येतं, रंगाऱ्याला भिंत. काकांनी चाळीस वर्षांत जे केलं ते दाखवायला गेलं की समोरचा विचारी, "कुठे आहे?" आणि तीच त्यांची पावती.

दुकान दीड दाराएवढं. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. फाटका कपडा दुरुस्त करण्यापेक्षा नवा मागवणं लोकांना सोपं वाटू लागल्यापासून काकांच्या टेबलावर कपड्यांपेक्षा ऊन जास्त पडे. झेरॉक्सवाल्याला दुसऱ्या मशीनसाठी जागा हवी होती. तो रोज संध्याकाळी सहज म्हणून येई आणि सहज म्हणून खिशातून टेप काढी.

"रोज काय मोजतोस," काका म्हणत. "कालच्यापेक्षा वाढलेलं नाही."

"दुकान नाही वाढलं. तुमचा विचार किती पुढे सरकला ते बघतोय."

विचार तीन महिन्यांसाठी अडला होता, तो सुनेमुळे. तिचं ऑफिस बंद पडल्यापासून ती दुकानात येऊन बसे. सुई शिकवा म्हणाली, पण सुईच्या आधी तिने फोन हातात घेतला. "बाबा, आपलं दुकान आहे हेच कुणाला माहीत नाही. मला तीन महिने द्या. तोवर गिऱ्हाईक वाढलं नाही, तर खुशाल देऊन टाका टेपवाल्याला."

पहिल्या पोस्टमध्ये रफू केलेली काळी पँट होती. अकरा जणांनी पाहिली. एकाने विचारलं, पँट विकायची आहे का. मग तिने आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. खाली एकजण कडाडला: 'ही सरळसरळ दुसरी पँट आहे. आम्हाला काय दूधखुळे समजता?'

काका दिवसभर गुणगुणत होते.

"बाबा, लोक आपल्याला लबाड म्हणताहेत."

"म्हणू दे. चाळीस वर्षांत एवढी स्तुती कुणी केली नव्हती."

तेव्हा सुनेने ठरवलं, नंतरचं दाखवायचंच नाही. नुसतं भोक दाखवायचं, जवळून. भोकावर कुणी शंका घेत नाही.

आता काकांची एक जुनी पद्धत होती. गिऱ्हाईक फाटण्याचं जे कारण सांगेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी कपड्याला टाचायची. उंदीर. खिळा. कुत्रं. दार. नाव लिहायचं नाही, कारणावरून माणूस आठवतो. आणि कारण खरं की खोटं ते विचारायचं नाही. "भोक बुजवणं आपलं, कारण त्याचं," एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी सुनेला शिकवलं होतं. तिने ते ऐकलं होतं, पण तेव्हा ती फोटोसाठी उजेड शोधत होती.

तिने टाकलेल्या फोटोत करड्या कोटाची बाही होती. तिच्यावर वाटाण्याएवढं भोक, चांगलं गोल, कडा करपलेल्या. शेजारी टाचलेली चिठ्ठी स्पष्ट दिसत होती: 'इस्त्री'.

संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांनी पाहिलं. 'एवढी गोल इस्त्री कुठल्या दुकानात मिळते?' 'आमचे वडीलही अशीच इस्त्री करायचे, जेवण झालं की गच्चीत जाऊन.' 'माझी इस्त्री सुटत नाही, उपाय सुचवा.'

काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "सूनबाई, हे काढ."

"बाबा, चार हजार."

"म्हणूनच काढ."

तिने काढलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बँक मॅनेजरांच्या पत्नी, म्हणजे मॅनेजरवहिनी, दारात उभ्या राहिल्या. फोटो त्यांच्या फोनमध्ये होता.

"हे बाहीचं बटण मी लावलंय, काका. निळ्या दोऱ्याने, करडा संपला होता. आमच्या साहेबांनी चार वर्षांपूर्वी सोडली म्हणे. हा कोट इथे किती वेळा आला?"

"वहिनी, मला भोकं लक्षात राहतात, कोट राहत नाहीत."

"मग भोकं किती, ते सांगा."

काका चष्मा पुसू लागले. वहिनी जाईपर्यंत पुसतच राहिले.

दुपारी मॅनेजर आले आणि रफू न केलेला कोट घेऊन गेले. "वीस वर्षं, काका," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात उंदीर येऊन आपला स्वेटर घेऊन गेला. कुत्र्याने पँट नेली. दाराने स्वतः न येता मुलीला पाठवलं. झेरॉक्सवाला आता टेपबरोबर पेन्सिलही आणू लागला.

मग उलटीच वर्दळ सुरू झाली. लोक धडके कपडे घेऊन येऊ लागले. यावर कुठे रफू झालंय का ते सांगा, म्हणू लागले. रफू शोधणं रफूगारालाच जमतं. एक बाई नवऱ्याचा ब्लेझर घेऊन आली. काकांनी तो उजेडात धरला, उलटा केला, अस्तरावरून अंगठा फिरवला.

"कोरा आहे."

बाई गेल्यावर सून हळूच म्हणाली, "बाबा, खिशाजवळचं गेल्या महिन्यात तुम्हीच केलंत. शिवणीच्या आतले धागे मीच काढून दिले होते."

"कोरा आहे," काका म्हणाले.

सुनेने फोन हातात घेतला. मग तिने पेजवरचे सगळे फोटो पुसले आणि एकच ओळ लिहिली: 'तुमचा कपडा आमच्याकडे आला होता, हे आम्हालाही आठवणार नाही.'

दोन लाइक आले. एक तिच्या नवऱ्याचा, दुसरा झेरॉक्सवाल्याचा, तोही चुकून बोट लागून. बाकी रफूगाराच्या पोस्टला लाइक देऊन स्वतःचं पितळ कोण उघडं पाडणार? पण चौथ्या दिवशी उंदीर परत आला. मागोमाग कुत्रं. मग अनोळखी माणसं येऊ लागली, पिशवी छातीशी धरून. टेबलावरच्या उन्हाला जागा उरली नाही. एका संध्याकाळी झेरॉक्सवाला टेपऐवजी स्वतःची पँट घेऊन आला आणि मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यात अडकली." सुनेने 'मशीन' लिहिलं.

तिसरा महिना संपायच्या दिवशी मॅनेजरवहिनी पुन्हा दारात दिसल्या. सुनेने मान वर केली नाही. फक्त हातातली पँट टेबलावरच्या करड्या कोटावर पसरली. कोट परवाच परत आला होता.

"फोन कुठे आहे तुझा?" वहिनींनी विचारलं.

"ड्रॉवरमध्ये. बंद."

वहिनींनी पिशवीतून जांभळी शाल काढली. पदराजवळ एक भोक होतं. वाटाण्याएवढं, चांगलं गोल, कडा करपलेल्या.

काकांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"कशाने?" सुनेने विचारलं. विचारावं लागतंच.

वहिनी रस्त्याकडे बघत राहिल्या. "इस्त्री."

सुनेने लिहिलं, चिठ्ठी टाचली, आणि शाल घडी करून टेबलावर न ठेवता मागच्या कपाटात ठेवली.

"साहेबांना काही..." वहिनी म्हणाल्या.

"कोणते साहेब?" सून म्हणाली.

वहिनी गेल्या. काकांनी सुयांचा डबा सुनेकडे सरकवला.

"शालीचं तू कर," ते म्हणाले. "सोपं आहे. गोल आहे."