मानेचे खापर उशीवर

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. कापसाच्या गुठळ्या झाल्या आहेत, पण मन मऊ आहे. गादीवाल्याने मला टाका घालताना म्हटले होते, "ही जन्मात हूं की चूं करणार नाही." म्हणून आजवर गप्प राहिले.

माझे मालक केस कापण्याचे दुकान चालवतात. चाळिशीचा धट्टाकट्टा गडी. आजारपण म्हणजे काय, हे त्यांना गिऱ्हाइकांकडूनच कळायचे. दाढी झाली की ते गिऱ्हाइकाच्या मानेला झटका देत. कडकन आवाज होई आणि माणूस खूश!

एके दिवशी ते दुपारीच घरी आले. अंगात सणसणून ताप, डोके ठणकत होते, मान लाकडासारखी ताठ. झाले! साऱ्या घराने माझ्याकडे बोट दाखवले.

"या मेल्या उशीनंच मान धरली," मालकांच्या आई म्हणाल्या. मला बडवून उन्हात टाकले. मी बाहेर, तरी मान तशीच. तर म्हणतात कशा, "उशीचा परिणाम अजून उतरला नाही!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मग मालकांना उजेड सोसेना, म्हणून त्यांनी मलाच परत मागवून तोंडावर घेतले. तेवढ्यात दुकानातला भागीदार आला आणि बाह्या सरसावून म्हणाला, "सरका वहिनी, एक झटका देतो, मान मोकळी!"

त्याचा हात लागताच मालक किंचाळले. मग उठून बसले, माझ्याभोवती चादर गुंडाळली आणि मला अदबीने विचारले, "दाढी की कटिंग, साहेब?"

भागीदार खो खो हसला. मालकीणबाई हसल्या नाहीत.

"अहो भावोजी, हे थट्टा करत नाहीयेत. यांना काही कळत नाहीये. उचला आधी!"

घाईत मीही सोबत गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांची मान वाकवून पाहिली, पण हनुवटी छातीला टेकेना. "मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे सूज आलेली दिसते," ते म्हणाले.

"अहो, पण हा कधी आजारी पडत नाही!" आई म्हणाल्या.

"जंतू तब्येत विचारून येत नाहीत, आजी."

डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातले पाणी तपासायला काढले आणि लगेच शिरेतून औषध सुरू केले. मी मालकांच्या डोक्याखाली होते. हे डोके परत उचलले जाईल ना, या भीतीने मला रडू येत होते.

उचलले गेले. पण या आजारात डाव्या कानाने ऐकू येणे गेले. आता गिऱ्हाइके उजवीकडून बोलतात. आणि भागीदार कुणाची मान मोडायला निघाला, की मालक कात्री रोखून उभे राहतात.

मित्रांनो, मला खुशाल बडवा, महिनाभर अभ्रा बदलू नका. पण ताप, डोकेदुखी आणि ताठ मान एकत्र आली, माणूस भलतेच बोलू लागला, तर उशीशी भांडत बसू नका. त्याला तडक दवाखान्यात न्या. उशी बाजारात दुसरी मिळते. तिच्यावर टेकणारे डोके मिळत नाही.