तिचे वार

माझी बायको गुमसून गेल्याचं कळलं तेव्हा गिरणीत वड्यांसाठी तांदळाचं पीठ वाफेवर होतं. ती तलवारीच्या सरावासाठी बांबू आणायला डोंगरापलीकडे गेली होती. ओढ्यात पाय घसरला, असं पोलीस फोनवर म्हणाला. मी "बरं" म्हणालो. चूल बंद करायचं सुचलंच नाही. पाणी आटून पातेलं जळालं.

गिरणीच्या वरच्या मजल्यावर ती तलवार शिकवायची. मी तिचा शिष्य नव्हतो. पण तलवारीचा एक जुना डाव दोघांनी समोरासमोर खेळायचा आहे. तिचे शिष्य तिथवर पोचले नव्हते, म्हणून ती मलाच लाकडी तलवार देऊन समोर उभं करायची.

"अहो, पीठ चाळताय का? हात वर!"

"तलवारवाल्याशी लग्न करायचं होतंस मग."

"त्याच्याकडे गिरणी नव्हती ना!"

वार अंगाजवळ येऊन थांबला पाहिजे, हा तिचा नियम. अंगाला लागला तर तो वार चुकला. इतक्या वर्षांत तिचा एकही मला लागला नाही.

ती गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. आता ती पुढच्या जन्माच्या वाटेला लागली, असं मंदिरातले भिक्षू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो, तलवार उचलली आणि डावातली माझी बाजू सुरू केली. तिचा वार आला. डाव्या कानाशी वारा लागला. मी अडवला. समोर जमिनीची फळी करकरली. मग रोज सकाळी जायला लागलो.

एकदा इन्हेने पाहिलं. ती गुमसूनची सगळ्यात जुनी शिष्या.

"काका, कुणाशी लढताय?"

"कुणाशी नाही."

"मग मान का वाचवलीत?"

मी पुढचा वार अडवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जिथे अडवता तिथेच बाईंचा वार असणार. मी समोर उभी राहते. नाहीतर हा डाव तुमच्याबरोबर संपेल."

मी नाही म्हणालो. इन्हे गुमसूनच्या जागी उभी राहिली, तर ती कुठे उभी राहणार? हे इन्हेला कसं सांगायचं?

इन्हे रोज यायची. शेवटी चिडलीच. "काका, बाई काय एकट्या तुमच्या होत्या?"

मी तिला समोर उभं केलं.

सुरुवातीला मला दोन वार यायचे. आधी गुमसूनचा, मागून इन्हेचा. मी पहिला अडवायचो आणि इन्हे त्यावरून आपला हात सुधारायची. दोन्हींतलं अंतर कमी होत गेलं. एका सकाळी एकच वार आला आणि मानेजवळ थांबला. फळी करकरली ती इन्हेच्या पायाखाली.

"जमलं ना, काका?"

"जमलं."

तेव्हापासून मी एकटा तलवार उचलतो तेव्हा समोर कुणी नसतं.

"आता पुढे काय?" इन्हेने विचारलं.

पुढे दोघांनी तलवारी फेकायच्या, एकमेकांच्या कमरेला मिठी घालायची आणि पाडायला बघायचं. तिथे गुमसूनला नेहमी हसू फुटायचं. मी तोंडी सांगितलं. इन्हेने तलवार टाकली आणि हात पसरून उभी राहिली.

"आज पुरे," मी म्हणालो.

आता थंडी पडली आहे. इन्हेला तलवारीचे सगळे वार येतात. तलवारी टाकल्यानंतरचं मी अजून शिकवलेलं नाही.