अरुणकाकांच्या गाडीचा स्टार्टर

बत्तीस वर्षं मी स्टार्टर मोटरच डिझाइन करतोय, त्यामुळे अरुणकाकांच्या गॅरेजमध्ये जरा कॉलर ताठ करूनच गेलो. इथे अमेरिकेत, ट्रॉयमधल्या मराठी मंडळींत काकांची १९१७ची गाडी सगळ्यांना माहीत. स्टार्टर कधीचा बंद, म्हणून गेल्या महिन्यात पुढचं हँडल मारताना इंजिननं उलटा झटका दिला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काकांचं मनगट मोडलं. त्यांची मुलगी अनिका वीज कंपनीत लाइनवर काम करते. तिनं निक्षून सांगितलं, "बाबा, शनिवारपर्यंत स्टार्टरवर सुरू झाली तर ठीक, नाहीतर विकायची." गिऱ्हाईकसुद्धा तिनंच शोधलं.

"दोन तासांचं काम!" मी म्हणालो. कसले दोन तास! तीन दिवस गेले. मोटर उघडली तेव्हा मात्र थक्क झालो. ना कॉम्प्युटर, ना सिम्युलेशन, तरी हातानं गुंडाळलेली तांब्याची वेटोळी अजून जशीच्या तशी! सहा व्होल्टच्या बॅटरीवर एवढं धूड फिरवायचं म्हणजे खायचं काम नाही. बनवणाऱ्यांना मी मनोमन दंडवत घातला.

पण टेबलावर भिरभिरणारी मोटर गाडीत बसवली की नुसती कण्हायची. मोटरमधले ब्रश बदलले, बॅटरी बदलली, काही उपयोग नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी हात टेकले. "काका, मोटर गेली." काका गाडीच्या दारावरून फडकं फिरवत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अनिका कामावरून आली. "शशीकाका, वन्स मोअर ट्राय करा ना."

मी पायाखालचं बटण दाबलं. तिनं बॅटरीच्या केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "धिस इज हॉट! ही केबल कोणी लावली?"

"मी. ब्रँड न्यू आहे. जुनीवरचं कापडी वेष्टण कुजलं होतं."

"बट काका, ही बारा व्होल्टच्या गाडीची आहे. सहा व्होल्टला डबल करंट लागतो. जाड हवी, नाहीतर पॉवर केबलमध्येच जाते."

मोटरवर शंका घेतली, बॅटरीवर घेतली, पण मी स्वतः लावलेल्या केबलकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. वा रे इंजिनियर!

तिनं कामाच्या ट्रकमधून अंगठ्याएवढी जाड केबल आणून जोडली. मी बटण दाबलं आणि इंजिन धडधडायला लागलं. काका प्लास्टरमधल्या हातासकट नाचले.

मी अनिकाला बाजूला घेतलं. "गप्प राहिली असतीस तर उद्या गाडी गेली असती. तुला तेच हवं होतं ना?"

"हवंच होतं, काका. भीती वाटते मला. पण मोटर चांगली आहे हे कळल्यावर बाबांना ती गेली म्हणून कसं सांगू?"

काय पोरगी आहे! मला तिचा अभिमान वाटला, अगदी पोटच्या मुलीचा वाटावा तसा. तिनं फोन काढून गिऱ्हाइकाला सांगितलं की गाडी विकायची नाही, उद्या येऊ नका. फोन ठेवला आणि गाडीचं पुढचं हँडल उचलून स्वतःच्या ट्रकमध्ये टाकलं.