बोडीतले वाळे

"खुरपं तिकडं ठेवा काकी. लोखंड जवळ असलं का मशीन त्याचंच गानं गाऊन राहते," बकाराम म्हणाला.

सुशीलाबाईंनी खुरपं तळ्याच्या बांधावर, पाळीवर नेऊन ठेवलं. परत आल्या तरी मशीन किरकिरलंच. बकारामने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या पदराकडे बोट दाखवलं. तिथे एक सेफ्टी पिन होती. ती काढून त्यांनी खुरप्याशेजारी ठेवली. चप्पल तर घरून निघतानाच त्यांच्या हातात होती. तीही तिथेच ठेवली.

पाळीवर जेसीबी उभा होता. त्याचा चालक इंद्रकुमार गोंदियाचा. चाकाच्या सावलीत बसून तो दात कोरत होता. "भैया, डिझल अर्जुनीसे निकल गया," तो म्हणाला. "आया के मैं चालू करनेवाला. बाद में मेरेकू मत बोलना."

"नाही बोलत," बकाराम म्हणाला. 

ही गावाची बोडी. धानाच्या बांध्यांना पाणी देणारं लहानसं तळं. मे महिन्यात पाणी मधोमध डबक्याएवढं उरलं होतं आणि भोवती तडकलेला काठ उघडा पडला होता. आज त्यातला गाळ निघणार होता, माणूसभर खोल. सगळ्या गावाला त्याचा आनंद होता. एकट्या सुशीलाबाई काल संध्याकाळी बकारामच्या दुकानात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या होत्या.

बकाराम मोटारपंप दुरुस्त करणारा माणूस. रस्त्याखाली गाडले गेलेले नळयोजनेचे व्हॉल्व्ह सापडावेत म्हणून त्याने कधीतरी हे धातू शोधायचं मशीन घेतलं. मग धान रोवण्याच्या चिखलात कोणा बाईची अंगठी गेली, कोणाच्या कानातलं गेलं, की त्याला बोलावणं यायचं. सापडलं तर तो एक नारळ घ्यायचा आणि सप्ताहाच्या वेळी देवळात ठेवायचा. खजिना शोधायला चल म्हणणारेही यायचे. त्यांना तो चहा पाजून परत पाठवायचा. गावच्या भजनी मंडळात तो टाळकरी होता, आणि कीर्तन म्हटलं की पाच कोस सायकल मारीत जाणारा.

"बकाराम, तुह्या मशीनले पितळ समजते का?" काकींनी विचारलं होतं.

"समजते. काय हारपलं?"

"हारपलं नाही बापू. ठेवलं हाये."

मग त्यांनी सांगितलं. एक्कावन्न वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी एकोणिसाव्या दिवशी गेली. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून नवरा छोटेलाल एकटाच तिला घेऊन गेला. तिच्या पायात आजोळचे पितळी वाळे होते. सासू म्हणाली, काढून घे, पुढच्याला होतील. सुशीलाबाईंनी काढू दिले नाहीत. "म्हणलं, मोकळ्या पायानं कशी धाडू? मीच तं सोबत जाऊन नाही राहिली."

छोटेलाल परतला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, कुठं? तो म्हणाला, बोडीच्या काठी, मोहाच्या सावलीत. त्यावर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पुढे दोन मुलं झाली, मोठी झाली. मोहाचं झाड एका वादळात पडलं, खोडही कुजून गेलं. छोटेलाल तीन वर्षांमागे गेला. आणि सगळ्या गावाने पाहिलेलं, पण कोणी कधी न विचारलेलं एक होतं: सुशीलाबाई बोडीवरून जाताना चप्पल हातात घ्यायच्या. नेमकी जागा ठाऊक नव्हती, म्हणून सगळ्याच काठाला.

"काढाचं नाही तिले," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त ते यंत्र तिच्यावरून जाऊ नये."

सकाळी सहापासून बकाराम काठ चाळत होता. म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याने मोहाची जागा अंदाजाने धरली होती. खोलवरचं ऐकायचं म्हणून मशीनचा जोर त्याने शेवटपर्यंत वाढवला होता. आणि तिथेच सगळं बिघडत होतं. खालचा मुरूम लाल, लोहाचा. तो जोराला जोराने उत्तर देत होता. मशीनच्या दांड्याला लावलेली थाळी हलवली की कानात कढईत लाह्या फुटल्यासारखा आवाज. तासाभरात हाती आलं ते बाटलीचं बूच, विळ्याचं तुटलेलं टोक आणि तंबाखूच्या पुडीची चांदी.

"क्या भैया, प्रतापगड का खजाना इधर आया क्या?" इंद्रकुमार वरून ओरडला.

"तुह्या दातातला काढून देऊ का आधी?" बकारामनेही ओरडून उत्तर दिलं. इंद्रकुमार हसला. सुशीलाबाई हसल्या नाहीत. त्या उकिडव्या बसून मशीनकडे पाहत होत्या.

"बकाराम, हे एवढं काऊन ओरडून राहिलं गा?"

"खोल जावं म्हणून जोर देल्ला काकी."

"पण हेच ओरडत राहिलं, तं तिचं कवा आयकंल?"

बकाराम थबकला.

गोंदियाजवळच्या गोरेगावला ऐकलेलं एक कीर्तन त्याला आठवलं. तेव्हा तो नवखा होता. टाळ हातात आले की अंगात यायचं. रंग चढला तसा तो आणि त्याच्यासारखे आणखी आठ-दहा जण जीव खाऊन वाजवू लागले. कीर्तनकार भैय्यालाल बुवा गाता गाता थांबले. वय झालेलं, आवाज पातळ. हात जोडून म्हणाले, "बाप्पा, माझ्या गळ्यातला शेवटला स्वर तुमच्या कानी येईल, एवढेच टाळ वाजवा." टाळ उतरले. आणि मग त्या पातळ आवाजात जे ऐकू आलं, त्याने मांडवातली तान्ही लेकरंसुद्धा गप्प झाली होती. आधीही बुवा तेच गात होते. ऐकू तेवढं येत नव्हतं.

आणखी एक आठवलं. कीर्तन उभं राहण्याआधी मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात. थोडी लावतात, थाप देतात, थोडी काढतात, पुन्हा थाप. मृदंग जुळल्याशिवाय बुवा पहिलं अक्षर काढत नाहीत. आणि आपण? मातीला न विचारताच गायला लागलो.

त्याने जोराची कळ उलटी फिरवली. अर्ध्याच्याही खाली. मोकळ्या जागी थाळी जमिनीजवळ न्यायची, वर उचलायची, पुन्हा न्यायची, आणि वर-खाली एकच गुणगुण येईपर्यंत दुसरी कळ केसभर फिरवायची, असं त्याने पंधरा-वीस वेळा केलं. माती हळूहळू शांत झाली. तरी एक बारीक थरथर उरलीच. त्याने मान वर केली. पाळीवर कोणाचा तरी मोटारपंप सुरू होता, आणि वरून विजेची तार.

"इंद्रकुमार भाऊ, तो पंप बंद करा ना. अन् तुमचा मोबाइलबी."

"अब मोबाइलने क्या किया?"

"तोबी बोलून राहिला. आपल्याले आयकू येत नाही एवढंच."

इंद्रकुमारने काकींकडे पाहिलं. मग उठून पंपाचं बटन दाबून आला, आणि मोबाइल बंद करून जेसीबीच्या डब्यात ठेवला.

बोडी एकदम गप्प झाली. बकारामने हेडफोन कानाला घट्ट लावले. थाळी जमिनीला लागेल न लागेल इतकी खाली धरली आणि सावकाश फिरवू लागला. एक फेर संपला की पुढचा त्याच्या अर्ध्यावरून. झाडू मारावा तसा नाही. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तसा.

पाळीवर गाडीचा हॉर्न वाजला. डिझेल आलं होतं.

इंद्रकुमारने तिकडे हात करून थांबायची खूण केली आणि स्वतः खाली काठावर येऊन उभा राहिला.

आणि तेव्हा आवाज आला. आवाज तरी कसा म्हणावा? देवळात कोणी लांबून टाळाला नख लावावं, तेवढा. बकारामने श्वास रोखला. थाळी परत नेली. पुन्हा तेवढाच. वळून आडव्या बाजूने आला, तरीही तिथेच. लोखंड असं बोलत नाही. ते घोगरं बोलतं.

"काकी," तो म्हणाला, "वरचा गाळ बोटानं काढा. चारच बोटं. खुरपं नको."

सुशीलाबाई रांगत आल्या. तडकलेल्या गाळाच्या खपल्या त्यांनी एकेक करून उचलल्या आणि भाकरी ठेवावी तशा बाजूला ठेवल्या. खाली लालसर ओल लागली, तसा त्यांचा हात आपोआप थांबला.

बकारामने मोठी थाळी काढून लहान बसवली. मोठी खोलवर पोचते, पण शेजारशेजारच्या दोन गोष्टी एकात मिसळते. लहान त्या वेगळ्या करते. त्याने ती तिळतिळाने सरकवली. एक स्वर आला. थोडी शांतता. मग दुसरा. अगदी तसाच. मध्ये वीतभरही अंतर नव्हतं.

 आयुष्यभर टाळ वाजवले होते त्याने. जोडीचा आवाज त्याला कोणी शिकवायला नको होता. एक्कावन्न पावसाळे वरून गेले, किती गाई पाण्यावर आल्या, किती पोरं इथे पोहायला शिकली. आणि खाली ही दोन कडी एकमेकांशेजारी, जशी ठेवली तशीच, कोणी ऐकेल म्हणून जागी. त्याला आपल्या मशीनचं नवल वाटेना. ज्याने एवढं सांभाळून ठेवलं त्याच्यापुढे त्याने तिथेच गुडघे टेकले.

त्याने हेडफोन काढून काकींच्या कानांवर ठेवले आणि थाळी पुन्हा हळूच फिरवली.

सुशीलाबाईंनी डोळे मिटले. थाळी गेली, आली.

"दोन्ही पायातले हायेत," त्या म्हणाल्या.

"हाव काकी."

"पुन्हा आयकव."

त्याने ऐकवलं. तीनदा ऐकवलं.

इंद्रकुमार केव्हा बूट काढून उभा राहिला होता, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो पाळीवर गेला आणि गाडीतून चार खुंट्या आणि चुन्याची पिशवी घेऊन आला. "कितना छोडना है, माँजी?"

काकींनी दोन्ही हात पसरून दाखवलं. एवढंसंच.

"इतनाच क्यों? थोडा और छोडता ना. नाप कम पडेगा तो साहब मेरेकूच बोलेगा. बोलने दो." त्याने खुंट्या दोन-दोन हात लांब ठोकल्या आणि चुन्याची रेघ स्वतः, वाकून, सरळ काढली.

दुपारपर्यंत जेसीबी चालला. त्याचं दातेरी तोंड रेघेजवळ आलं की सावकाश व्हायचं, वळायचं, बाजूने जायचं. बोडी खोल होत गेली आणि मधे एका पाळण्याएवढी जमीन उंच राहिली.

सुशीलाबाई तोवर पाळीवर बसून होत्या. निघताना त्यांनी पिन पदराला लावली आणि खुरपं उचललं. चप्पल हातात घेतली, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मागे वळून त्या उंच राहिलेल्या जमिनीकडे पाहिलं. मग चप्पल खाली ठेवली, एकेक पाय तिच्यात घातला आणि बोडीच्या काठाकाठाने घराकडे चालू लागल्या.